समुद्र जिवंत का नाही? तिसरीच्या वर्गातला एक प्रश्न

प्रश्न (शिक्षिका, दादर):
सजीव-निर्जीवांचा पाठ चालू असताना एका मुलीने विचारले, ‘समुद्र रोज पुढे येतो, मागे जातो, मग तो जिवंत का नाही?’ मी पुस्तकातली लक्षणे वाचून दाखवून विषय मिटवला आणि ते मला अजून सलते आहे. अशा प्रश्नांवर तात्त्विक चर्चा घेतली, तर विज्ञान मागे पडेल का?

उत्तर (निवृत्त शिक्षक, मुलुंड):
मुळीच नाही. मुलांसोबत तत्त्वचिंतन करण्याच्या पद्धतीसाठी मॅथ्यू लिपमन यांनी १९७४ साली अमेरिकेत संस्था उभारली. तिचा गाभा म्हणजे गोलात बसून एकमेकांना कारणे विचारणे. मेणबत्तीची ज्योत वाढते, तिला हवा लागते, एकीवरून दुसरी पेटते. उलट डब्यातला हरभरा महिनोन्‌महिने निपचित पडून असतो. तरीही हरभरा सजीव आणि ज्योत निर्जीव, हे कशावरून, असे विचारा आणि मगच हरभरे भिजत घाला.

उत्तर (पालक, भांडुप):
सहमत आहे, मात्र चर्चा निरीक्षणापर्यंत पोहोचलीच पाहिजे. मुलांना आठवडाभर भरतीच्या वेळा नोंदवू द्या. ती वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि चंद्रोदयही साधारण तितकाच लांबतो, हे दिसले की समुद्र आपणहून हलतो की त्याला कोणी हलवते, हा प्रश्न मुलेच विचारतील.

प्रश्नकर्ती:
सोमवारी त्या मुलीचाच प्रश्न फळ्यावर लिहिते.