लॉट ६०० चा की २०० चा? पीपीसी आणि प्रॉडक्शनच्या भांडणात निर्णय कसा घ्यायचा? (मदत हवी आहे)

दातेरी_चाक: सोमवारी रिव्ह्यू आहे, लवकर उत्तरं द्या प्लीज. पीपीसी (उत्पादनाचं नियोजन करणारा विभाग) म्हणतं लॉट (एका सेटअपवर सलग कापायचे नग) २०० चा लावा, प्रॉडक्शन म्हणतं ६०० च्या खाली परवडत नाही. दोघांकडे एक्सेल आहे आणि दोघांचंही बरोबर दिसतं. लेथ मशीनची ओईई (मशीनच्या वेळेपैकी चांगले नग काढण्यात गेलेला वाटा) ८५ टक्के आहे, तरी डिस्पॅच उशिरा. असा निर्णय तपासायचा काही फॉर्म्युला आहे का? 'परिस्थितीवर अवलंबून आहे' हे उत्तर नको, ते साहेबांनी दिलंय.

बेंचव्हाइस: सेटअप (नवा भाग लावताना मशीन जुळवायचा वेळ) किती? सायकल टाइम (एका नगाचा वेळ) किती? लेथनंतर माल कुठे जातो? दुखतंय कुठे ते न सांगता गोळी मागताय.

वर्गमूळ: फॉर्म्युला १९१३ पासून आहे. हॅरिसचा ईओक्यू, म्हणजे सर्वांत स्वस्त पडणारा लॉट. वर्षाची मागणी गुणिले सेटअपचा खर्च गुणिले २, भागिले एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. पाच मिनिटांचं काम.

अडलेला_नग: @वर्गमूळ, सेटअपचा खर्च कसा काढणार? मशीन रिकामं पडत असेल तर सेटअपचे तास फुकट आहेत, ऑपरेटरचा पगार तसाही चालूच. आणि मशीन तुंबलेलं असेल तर तेच तास अख्ख्या कारखान्याचे गेले. तुमच्या वर्गमुळाला हे दोन्ही सारखेच.

वर्गमूळ: पहिले दोन-तीन जॉब स्क्रॅप जातात ते फुकट का?

अडलेला_नग: ते धरा की. तेवढंच धरा.

दातेरी_चाक: सेटअप २ तास, सायकल २ मिनिटं. लेथ, मग भट्टी (कार्बुरायझिंग, म्हणजे भागाचा वरचा थर कडक करणं), मग ग्राइंडिंग, असेंब्ली. हे सगळीकडे असंच असतं ना?

बेंचव्हाइस: नसतं. असो. ६०० चा लॉट म्हणजे २० तास कटिंग आणि २ तास सेटअप, म्हणजे सेटअपला ९ टक्के. २०० चा लॉट म्हणजे ६ तास ४० मिनिटं आणि वर तेच २ तास, म्हणजे २३ टक्के. १,२०० नगांना पहिल्या पद्धतीने ४४ तास लागतात, दुसरीने ५२. आता सांगा, ऑर्डर पाहता लेथवर काम किती टक्के आहे? ७० असेल तर २०० च्या लॉटने ८३ होईल, चालून जाईल. ९० असेल तर १०६ होईल, विषय संपला.

आणि प्रॉडक्शनवाले का अडून बसलेत तेही यातच आहे. २०० च्या लॉटला सेटअप वजा जाता ७७ टक्केच उरतात. ओईई त्याच्या वर जाऊच शकत नाही, मग माणूस कितीही राबो. साहेब ८५ बघणार असतील तर कोण कशाला हो म्हणेल?

झटपट_सेटअप: सगळे चुकीच्या जागी शोधताय. २ तासांचा सेटअप हाच आजार. जपानी इंजिनिअर शिंगोंची पद्धत बघा, सेटअप दहा मिनिटांच्या आत. जॉ (जॉब पकडणारे जबडे), टूल, प्रोग्राम, सगळी तयारी मशीन चालू असतानाच करून ठेवायची. मग लॉट ५० चा लावा, भांडायला कोणी उरणार नाही.

दातेरी_चाक: सोमवारपर्यंत?

क्लाउड_सोल्युशन्स: तुमच्या ईआरपीला शेड्युलिंग मॉड्यूल आहे का? नसेल तर आधी ते घ्या. व्यनि करा.

अडलेला_नग: त्यांनी सॉफ्टवेअर विचारलेलं नाही.

परीक्षार्थी: जॉन्सनचा नियम लावून बघा, १९५४ चा. पहिल्या मशीनवर ज्याला सर्वांत कमी वेळ तो जॉब आधी, दुसऱ्यावर कमी तो शेवटी. क्रम अगदी बिनचूक येतो.

बेंचव्हाइस: येतो, पण दोनच मशीन असतील आणि सगळे जॉब सुरुवातीलाच हजर असतील तर. शिवाय तो सगळं मिळून काम कधी संपेल ते कमी करतो, कोणाची तारीख चुकते ते बघत नाही. इथे तक्रार तारखेची आहे.

दातेरी_चाक: ऑर्डरप्रमाणे लेथवर काम ७० टक्केच, ६०० च्या लॉटने. भट्टी रोज १,८०० नग सोडते, ऑर्डरही तेवढ्याच. भट्टीपुढे ३६,००० नग पडलेत. आम्ही गिऱ्हाइकाला १२ दिवस सांगतो.

अडलेला_नग: ३६,००० भागिले १,८०० म्हणजे २० दिवस नुसता भट्टीच्या दारात. लिटलने १९६१ मध्ये सिद्ध केलेला हिशोब आहे, रांगेची लांबी भागिले वेग. १२ दिवस कोणी ठरवले?

दातेरी_चाक: मार्केटिंगने.

जुना_फोरमन: आमच्या वेळी इन्सेंटिव्ह नगावर होता, माणसं जेवायलासुद्धा उठत नसत. आता नुसत्या मीटिंगा.

झटपट_सेटअप: नगावर इन्सेंटिव्ह म्हणूनच तर ढीग लागतात, काका.

जुना_फोरमन: ढीग लागले तरी पगार वेळेवर होत होते.

बेंचव्हाइस: मूळ धाग्यावर या. भट्टीचा चार्ज (एका वेळी आत जाणारा माल) भरून जातो का?

दातेरी_चाक: साधारण ६० टक्के. वेगळ्या केस डेप्थचे (कडक थराच्या जाडीचे) भाग एका चार्जमध्ये लावता येत नाहीत, आणि सोबत लावायचा जोडीचा भाग आलेला नसतो.

बेंचव्हाइस: ३६,००० नग दारात आणि चार्ज अर्धामुर्धा! मग २०० की ६०० हा प्रश्न लेथवर उभं राहून सुटणारच नाही. भट्टीचा आठवड्याचा चार्ज प्लॅन आधी लिहा, त्यावरून मागे येत लेथचा क्रम ठरवा. मग दोन्ही पर्याय एकाच मापाने मोजा: चार्ज किती भरले, किती ऑर्डर उशिरा गेल्या, भट्टीपुढे किती दिवसांचा माल. गेल्या महिन्याच्या ऑर्डरी घेऊन कागदावर चालवून बघा. सेटअप ६०० लाच ठेवायचा तर ठेवा, पण १०० नग झाले की क्रेट पुढे सरकवा, लॉट संपायची वाट बघू नका.

वर्गमूळ: क्रेट सरकवून काय होणार? लेथ त्याच भागावर २२ तास अडकलेलं. जोडीचा भाग मागेच.

बेंचव्हाइस: एकच लेथ असेल तर बरोबर आहे. लेथ किती आहेत?

दातेरी_चाक: सहा.

अडलेला_नग: हे आत्ता सांगताय?! दोन शिफ्ट धरल्या तर सहा लेथ, १६ तास, २ मिनिटं, ओईई ८५: रोज २,४४८ नग. भट्टीतून निघतात १,८००. म्हणजे रोज साडेसहाशेच्या आसपास नग कोणी मागितलेले नाहीत तरी कापले जातात. काम ७० टक्के आणि ओईई ८५ हे कोडं तिथेच सुटलं.

बेंचव्हाइस: ते आधी थांबवा. भट्टीच्या प्लॅनमध्ये नाव नाही तो लॉट लेथवर चढवायचा नाही. आणि एका केस डेप्थचे भाग एकाच दिवशी वेगवेगळ्या लेथवर लावा.

दातेरी_चाक: लेथ थांबलं तर ओईई पडेल, प्रॉडक्शन मॅनेजर रिव्ह्यूतच उभे राहतील. शिवाय तीन नंबरवर फक्त शाफ्ट बसतात.

झटपट_सेटअप: तीन नंबरचा चक (जॉब धरणारा भाग) कोणता?

क्लाउड_सोल्युशन्स: व्यनि केला आहे, बघावा.

दातेरी_चाक: @झटपट_सेटअप, हायड्रॉलिक. चार्ज प्लॅन भट्टीवाल्यांकडे मागितलाय, म्हणतात असा काही नसतो.