मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हात छोट्या गाड्यांना रंग कसा द्यावा?

सक्करदरा_स्टँड

नमस्कार मंडळी,

खेळण्यातल्या गाड्या सुट्या करायच्या, कंपनीचा रंग काढायचा आणि आपल्या मनासारखी गाडी पुन्हा उभी करायची, हा नाद मला लागलाय. घरच्यांच्या मते हे वय नाही, पण ते असू द्या.

मला हिवाळी अधिवेशनातली ॲम्बॅसॅडर बनवायची आहे. माझे वडील सरकारी गाडीवर ड्रायव्हर होते. नव्वदीच्या दशकात डिसेंबर लागला की सिव्हिल लाइन्समध्ये विधान भवनाच्या आसपास पांढऱ्या ॲम्बॅसॅडर ओळीनं लागायच्या. मागच्या काचांना पडदे, टपावर लाल दिवा, आणि बाहेर बॉनेटला टेकून चहा पिणारे ड्रायव्हर. २०१४ मध्ये गाडी बनणं बंद झालं, २०१७ च्या मे महिन्यापासून लाल दिवेही उतरले. त्यातली एक मला कपाटात हवी आहे. मागे ओढून सोडली की पळणारी प्लॅस्टिकची ॲम्बॅसॅडर इतवारीतून आणून ठेवली आहे. अजून तिला हात लावलेला नाही.

आधी सराव म्हणून १:६४ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या, धातूच्या गाड्या घेतल्या. खालचे रिव्हेट ड्रिलनं उडवून बॉडी वेगळी केली, रंग काढला, प्रायमर (रंगाखालचा पायाचा थर) मारला. इथपर्यंत ठीक. घोडं अडलंय ते स्प्रे कॅनच्या गडद निळ्या रंगावर.

दुपारी गच्चीवर मारला तर रंग खरखरीत बसतो, हात फिरवला की वॉटर पेपरसारखा लागतो. म्हणून संध्याकाळी खोलीत, कूलर लावून मारला. मारताना अगदी गुळगुळीत, आरशासारखा. थोड्या वेळानं बघतो तर वर दुधी साय आल्यासारखं, सगळी चमक गेलेली. कॅन तोच, प्रायमर तोच, हात तोच.

हे काहून होत असेल? आणि प्लॅस्टिकच्या ॲम्बॅसॅडरला हाच रंग चालेल का? एअरब्रश घ्या असं कृपया सांगू नका, सध्या तेवढं बजेट नाही.

सावजी_रस्सा

भाऊ, पहिले कूलर बंद कर.

मिलीमीटर

वरच्या एका ओळीत अर्धं उत्तर आहे, पण कारण कळलं तर पुढं उपयोग होईल.

तुमच्या दोन्ही तक्रारी उलट्या टोकांच्या आहेत. दुपारी हवा इतकी कोरडी आणि तापलेली असते की कॅनमधून निघालेल्या थेंबातला थिनर (रंग पातळ ठेवणारं द्रावण) वाटेतच उडतो. गाडीवर पोचतो तो ओला रंग नसतो, जवळजवळ वाळलेली पूड असते. ती एकमेकांत मिसळून पसरत नाही, म्हणून खरखर.

कूलरच्या खोलीत वेगळंच घडतं. लॅकर, म्हणजे थिनर उडून झटपट वाळणाऱ्या, रंगातला थिनर झपाट्यानं उडतो आणि जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. कूलरच्या ताट्यांवरचं पाणी हवा गार करतं, तसाच प्रकार. गाडीचा पत्रा खोलीपेक्षा थंड पडतो, आणि कूलरनं हवा आधीच दमट केलेली असते. त्या हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं आणि वाळताना आत अडकतं. तीच तुमची साय. पावसाळ्यात कूलर नसतानाही हे होतं.

तेव्हा वेळ बदला. मे महिन्यात ऊन तापायच्या आत, पहाटेच्या उजेडात रंगवा, घरात, कूलर आणि पंखा दोन्ही बंद करून. खिडकी उघडी ठेवायचीच, कारण वास घातक आहे. साधा कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही, कार्बनच्या डब्या असलेला मास्क घ्या. आसपास गॅस किंवा देवघरातला दिवा पेटलेला नसावा.

गाडीपासून कॅन पंधरा ते वीस सेंटिमीटरवर. दाब गाडीच्या अलीकडे सुरू करा, पलीकडे गेल्यावर सोडा. पहिला हात अगदी विरळ, आरपार दिसला तरी चालेल. दोन-तीन विरळ हातांनंतर एक ओला हात.

परदेशी व्हिडिओंत कॅन कोमट पाण्यात ठेवायला सांगतात. ते थंड देशांसाठी. आपल्याकडे उलट काळजी घ्यायची. कॅनवर ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका असं लिहिलेलं असतं, आणि मेमध्ये नागपूरच्या उन्हात उभी असलेली चारचाकी आतून त्याच्याही वर जाते. डिकीत कॅन विसरायचा नाही.

सक्करदरा_स्टँड

हे भारीच आहे, कूलरकडे मी या नजरेनं कधी पाहिलंच नव्हतं. आता बिघडलेल्या दोन गाड्यांचं काय करू? पुन्हा सगळं काढायचं?

डेंटिंग_पेंटिंग

कशाला काढता. माझं काम खऱ्या गाड्यांचं आहे, पण रोग तेच असतात.

खरखरीतवाली पूर्ण वाळू द्या. मग दोन हजार नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवा. कडांवर जोर नको, प्रायमर लगेच वर येतो. धुवा, वाळवा, वरून एक ओला हात. शेवटी रबिंग कंपाउंड.

सायवाली त्याहून सोपी. कोरड्या हवेच्या सकाळी तिच्यावर त्याच जातीच्या क्लिअरचा (बिनरंगी चमकदार लॅकरचा) एक विरळ हात मारा. ताजा थिनर वरचा थर थोडा सैल करतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं. बहुतेक वेळा चमक परत येते. नाही आली तर पेपर आहेच.

आता प्लॅस्टिकबद्दल नीट ऐका. धातूवर आपण मोकाट असतो, तिथं काही बिघडत नाही. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरवाला गाडीचा लॅकर रंग उघड्या प्लॅस्टिकवर गेला की पृष्ठभाग विरघळतो, बारीक भेगा पडतात, दाराच्या रेषा बुजतात. प्लॅस्टिक प्रायमरचे विरळ हात आधी आणि मगच रंग. इनॅमलवर, म्हणजे हळू वाळणाऱ्या तेलकट रंगावर, लॅकर कधीच नाही, सुरकुत्या येतात. उलटं, म्हणजे लॅकरवर इनॅमल, चालतं.

अन् मेटॅलिकच्या भानगडीत पडू नका. खऱ्या गाडीच्या टचअपमधले चमकीचे कण छोट्या गाडीवर टिकल्यांएवढे दिसतात. तुमची पांढरी आहे, तुम्ही वाचलात.

मिलीमीटर

प्लॅस्टिकवरून एक महत्त्वाचं. खेळण्यांचं प्लॅस्टिक जोडायच्या मॉडेल किटसारखं पॉलिस्टायरिन असेलच असं नाही. आतल्या बाजूनं नखाएवढा तुकडा कापा, साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात सोडा. बुडाला तर बहुधा पॉलिस्टायरिन किंवा एबीएस (तसंच एक कडक प्लॅस्टिक), दोन्हीवर रंग धरतो. तरंगला तर बहुधा पॉलिप्रॉपिलीन, त्यावर रंगही टिकत नाही आणि गोंदही.

दुसरं, खोक्यावरच्या स्केलवर विश्वास ठेवू नका. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. खऱ्या ॲम्बॅसॅडरचं हे अंतर २४६४ मिमी. त्याला तुमच्या मापानं भागलं की खरं स्केल मिळतं. सुमारे १०३ मिमी भरलं तर १:२४, ७७ भरलं तर १:३२, ६८ च्या आसपास असेल तर १:३६. चाकं बदलायची असतील तर हे आधी हवं. खरी रिम १५ इंची, म्हणजे १:३६ मध्ये ती साडेदहा मिमीच्या आसपास येते. खेळण्यांची चाकं बहुधा मोठी आणि रुंद असतात, आणि गाडी खोटी वाटते ती रंगापेक्षा त्यामुळेच. मागे ओढायची यंत्रणा काढून टाका. त्या जागी पेनाच्या रिकाम्या रिफिलची नळी बसवा, आत तार, झाला ॲक्सल. गाडी थोडी खालीही बसते.

पोर्चमधली_मार्क४

आमच्याकडे खरी आहे, म्हणून बोलते. आधी ग्रिल तपासा. ॲम्बॅसॅडरची मॉडेलं वेगवेगळी: मार्क ४ एकोणऐंशीची, नोव्हा आणि १८०० आयएसझेड नव्वदीतल्या, त्यांची तोंडं सारखी नाहीत. वडिलांचा जुना फोटो असेल तर तोच प्रमाण माना.

पडद्यांसाठी टिश्यू पेपरचा एकच पदर घ्या, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून काडीवर चुण्या पाडा. वाळला की कडक होतो. सरकारी पडदे बरेचदा पांढरे असायचे, पण धुवट पांढरे, तेव्हा चहाच्या पाण्याचा हलका हात द्या. काचा इन्स्टंट गोंदानं चिकटवू नका, त्याच्या वाफेनं काच आतून पांढरी होते आणि ती पुसता येत नाही. तिथंही फेविकॉलच.

लाल दिव्याला पारदर्शक लाल मणी, खाली चंदेरी टिकली. नंबर प्लेट एमएच-३१. नंबर मात्र वडिलांना विचारा, ड्रायव्हर माणूस गाडीचा नंबर विसरत नाही.

सावजी_रस्सा

अन् बॉनेटवर चहाचा ग्लास ठेव बाप्पा. त्याबिगर ते अधिवेशन वाटनार नाई.

सक्करदरा_स्टँड

ग्लास नक्की!

सगळ्यांचे आभार. आज पहाटे कूलर बंद करून एक गाडी रंगवली. घामानं भिजलो, पण रंग काचेसारखा बसला. सायवालीवर क्लिअर मारला, ती नव्वद टक्के सुधारली, बॉनेटवर थोडी उरली आहे.

ॲम्बॅसॅडर मोजली तर ६९ मिमी, म्हणजे १:३६ च जवळपास. वडिलांना नंबर विचारला तर त्यांनी तीन वेगवेगळ्या गाड्यांचे नंबर सांगितले आणि कोणती गाडी चढावर दमायची तेही.

पण पाण्याची परीक्षा अर्धीच पास झाली. बॉडीचा तुकडा बुडाला, बंपर आणि ग्रिलचा मात्र तरंगतोय. म्हणजे ते पॉलिप्रॉपिलीन. त्यांना चंदेरी कसं करू?

डेंटिंग_पेंटिंग

आजच्या खऱ्या गाड्यांचे बंपर त्याच जातीचे असतात, आम्ही रोज तेच रंगवतो. त्यासाठी वेगळा प्रायमर येतो, पाण्यासारखा पातळ, आरपार दिसणारा. आधी भांड्याच्या साबणानं बंपर घासून तेलकटपणा काढा, हजारचा पेपर हलका फिरवा, त्या प्रायमरचा एकच पातळ हात द्या आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेत चंदेरी मारा. उशीर झाला तर पकड जाते.

पूर्ण डबा विकत घेऊ नका, तुमचं आयुष्य जाईल तो संपायला. घराजवळच्या कुठल्याही पेंटिंगवाल्याकडे नेलपॉलिशची रिकामी बाटली धुऊन घेऊन जा आणि मागा. एवढ्याचे कोणी पैसे घेत नाही.