विषय: कार्यालयाचा नवा फोन – समोरच्याचं ऐकू येत नाही

शनिवार, रात्री ९:४० – कार्यवाह

नमस्कार मंडळी,

हॉलच्या वरच्या खोलीतली आपली जुनी लाइन गेल्या आठवड्यात बंद झाली आणि त्याच नंबरवर इंटरनेटचा टेबलफोन आला. ब्रिटनमधल्या तांब्याच्या तारांवरच्या जुन्या पद्धतीच्या सगळ्याच फोनलाइनी जानेवारी २०२७ पर्यंत जायच्या आहेत, तेव्हा आज ना उद्या हे करायचंच होतं. नीट पार पडलेली एक गोष्ट आधी सांगते: नंबर तोच राहिला. जुनी लाइन आपण स्वतःहून तोडली नाही. नव्या कंपनीला नंबर घ्यायला सांगितलं, तो तिकडे गेल्यावरच जुनी बंद झाली. उलट केलं असतं तर नंबर हातचा गेला असता. किती वर्षं गणपतीच्या पत्रकावर छापतोय आपण तो! कित्येक आजी-आजोबांच्या वहीत पहिल्या पानावर तोच आहे.

आता अडचण. फोनच्या मागे सारख्याच दिसणाऱ्या दोन खाचा आहेत: एक नेटची, दुसरी कॉम्प्युटरला पुढे जोडायची. आधी वायर दुसरीत घातली गेली. वीजही त्याच वायरीतून येते, त्यामुळे पडदाच उजळेना. तिथे अर्धा तास गेला. योग्य खाचेत घातल्यावर फोन चालू झाला, नंबर दिसला, मी घरी फोन लावून पाहिला, उत्तम लागला.

मग काकूंचा फोन आला. मी ‘हॅलो, मंडळ’ म्हणत राहिले, पलीकडून चकार शब्द नाही. दोन-तीनदा विचारून शेवटी ठेवला. संध्याकाळी त्यांच्या सुनेकडून कळलं, की काकूंना माझं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं आणि त्या ‘अगं मीच बोलतेय’ असं सांगत होत्या. फार वाईट वाटलं. आणि दुपारी तीननंतर तर बाहेरून आलेला एकही फोन वाजला नाही, सगळे परस्पर निरोपपेटीत. फोन बंद करून चालू केला की पाच-दहा मिनिटं बरा चालतो, मग पुन्हा तेच.

कोणाला यातलं कळत असेल तर कृपया सांगा. नोंदणीचे फोन पुढच्या आठवड्यात सुरू होतील.

शनिवार, रात्री १०:१५ – खजिनदार

ताई, माझ्या ऑफिसात असंच झालं होतं. राउटरमध्ये ५०६० नंबरचं पोर्ट उघडून ते थेट फोनकडे वळवलं की काम होतं. उद्या येऊन करून देतो.

रविवार, सकाळी ७:०५ – रेडिंगहून दादा

नमस्कार,

खजिनदारसाहेब, तेवढं कृपया करू नका. ५०६० हे या फोनांचं जगजाहीर दार आहे. ते सरसकट उघडं ठेवलं, की दार शोधत फिरणारे प्रोग्रॅम काही तासांत येऊन धडकतात. रात्री दोन वाजता फोन वाजतो, पडद्यावर १०० किंवा १००१ असला नंबर, उचलला तर शांतता. फोनचं सेटिंगचं पानही बाहेरून उघडत असेल आणि त्याचा पासवर्ड कारखान्यातून आलेला तसाच असेल, तर खात्याची माहिती त्यांच्या हाती लागून परदेशातल्या महागड्या नंबरांवर फोन होतात आणि बिल मंडळाच्या नावावर येतं. कार्यवाहताई, तो पासवर्ड आजच बदला, बाकी काहीही करण्याआधी.

तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, मूळ एकाच ठिकाणी आहे.

फोन लागतो तेव्हा दोन कामं चालतात. ‘अमक्याला अमक्याशी बोलायचंय’ हा निरोप एसआयपी नावाच्या पद्धतीने जातो. प्रत्यक्ष आवाज वेगळ्या वाटेने जातो, तो आरटीपी. निरोपातच फोन सांगतो, ‘आवाज या पत्त्यावर पाठवा.’ पण फोनला माहीत असतो तो राउटरने दिलेला घरातला पत्ता, १९२.१६८ ने सुरू होणारा. पाकिटावर नुसतं ‘खोली क्रमांक १२’ लिहावं आणि चाळीचं, गल्लीचं नावच नसावं, तसं हे आहे. तुमचा आवाज बाहेर जातो, कारण कंपनीचा पत्ता पूर्ण आहे. काकूंचा आवाज परत येताना वाट चुकतो.

बऱ्याच कंपन्या हे ओळखून आवाज ज्या दारातून आला त्याच दारी परत पाठवतात. पण पुष्कळ राउटरांत ‘एसआयपी एएलजी’ नावाची सोय चालूच येते. ती वाटेत निरोप उघडून पत्ता दुरुस्त करायला जाते आणि बहुतेक वेळा अर्धवट दुरुस्त करून ठेवते. माझ्या अनुभवात एकतर्फी आवाजाचं पहिलं कारण हेच. ती सोय बंद करा.

फोन न वाजण्याचं कारण असं: राउटर आतल्या फोनसाठी बाहेरचं दार उघडतो, पण काही वेळ ये-जा झाली नाही की लावून घेतो. कुठे अर्ध्या मिनिटात, कुठे पाच मिनिटांत. फोन मात्र कंपनीकडे हजेरी लावतो तासातून एकदा. सेटिंगमध्ये ३६०० सेकंद दिसतील. मधल्या वेळात आलेला फोन बंद दारावर आपटतो. म्हणूनच चालू-बंद केल्यावर थोडा वेळ बरं वाटतं. आणि बाहेर फोन लावलात की दार आपणच उघडता, त्यामुळे बाहेर लावून पाहिलेली परीक्षा खोटा दिलासा देते. फोनच्या सेटिंगच्या पानावर ‘कीप अलाइव्ह’ शोधा (दार उघडं राहावं म्हणून फोनने अधूनमधून टकटक करायची सोय), ३० सेकंद करा.

दोन गोष्टी कळवाल का? फोनच्या पडद्यावरचा आयपी पत्ता, आणि राउटरच्या पानावर दिसणारा त्याचा बाहेरचा पत्ता.

रविवार, सकाळी ११:३० – काकू

मुलाच्या कॉम्प्युटरवरून लिहिते आहे. अगं, तू वाईट वाटून घेऊ नकोस. मला वाटलं माझाच फोन बिघडला, म्हणून चारदा लावला. मोबाइल मला जमत नाही, बोटं थरथरतात. भिंतीवरच्या फोनची मोठी बटणं बरी पडतात.

मला एक विचारायचंय. माझ्या घरचीही लाइन बदलणार असं पत्र आलंय. माझ्या गळ्यात ते पडल्यावर दाबायचं बटण आहे, ते त्याच लाइनवर चालतं. आणि दिवे गेले तर काय करायचं?

रविवार, दुपारी १२:२० – रेडिंगहून

काकू, तुमचा प्रश्न मंडळाच्या फोनपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून तो आधी घेतो.

जुन्या फोनला घरातली वीज लागतच नव्हती. एक्सचेंजमधून तारेतूनच सुमारे ५० व्होल्ट येत, म्हणून दिवे गेले तरी फोन चालायचा. नव्या पद्धतीत राउटर बंद पडला की फोन बंद, ९९९ हा तातडीच्या मदतीचा नंबरसुद्धा लागणार नाही. तेव्हा लाइन बदलायला येतील त्याआधी दोन फोन करा: फोनकंपनीला सांगा की गळ्यातलं बटण याच लाइनवर आहे, आणि बटणाच्या कंपनीला विचारा की हे यंत्र नव्या लाइनवर चालेल का, की बदलून देणार. ज्यांचा सगळा भार घरच्या फोनवर आहे, त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास ९९९ लावता येईल अशी सोय कंपनीने द्यायची असते. ती मागून घ्या. लाइन बदलली की कंपनीचा माणूस घरात असतानाच बटण दाबून पलीकडून उत्तर येतं का ते पाहा. मी त्या दिवशी येऊन बसेन, फक्त वार कळवा.

सोमवार, रात्री ८:५० – कार्यवाह

दादा, तुम्ही विचारलेले पत्ते पाहिले तेव्हाच गोम सापडली. फोनवर १९२.१६८.१.२३, आणि आपल्या राउटरचा ‘बाहेरचा’ पत्ता १९२.१६८.०.१४! म्हणजे तोही घरातलाच. आपल्या खोलीतला राउटर हॉलच्या राउटरच्या पोटात बसलाय. चाळीच्या आत आणखी एक चाळ.

हॉलच्या रखवालदारकाकांनी कुलूपबंद कपाट उघडून दिलं, त्यांचे मनापासून आभार. आपल्या राउटरचं पत्ते वाटण्याचं काम बंद केलं आणि हॉलकडून येणारी वायर त्याच्या साध्या खाचेत लावली. आता पत्ते एकटा हॉलचा राउटर देतो. एएलजीची खूण तिथेच, फायरवॉलच्या पानावर तळाशी होती, ती काढली. आधी राउटर, मग फोन बंद करून चालू केला. कीप अलाइव्ह ३० वर. पासवर्ड बदलून पाकिटात बंद करून खजिनदारांकडे दिलाय. घड्याळ एक तास मागे होतं, उन्हाळी वेळेची खूण लावल्यावर तेही जुळलं.

सोमवार, रात्री ९:१० – रेडिंगहून

उत्तम. कधी एएलजी बंदच करता न येणारा राउटर भेटला, तर कंपनीला ५०६१ वरून टीएलएस (निरोप कुलूपबंद करून पाठवायची पद्धत) मागा. निरोप कुलपात गेला की राउटरला वाचताच येत नाही, मग तो दुरुस्त काय करणार?

आता खरी परीक्षा. एक तास फोनला हात लावू नका, बाहेरही लावू नका. मग कोणीतरी बाहेरून फोन करू दे.

मंगळवार, संध्याकाळी ५:२० – कार्यवाह

मंडळी, तीन वाजता खोलीत जाऊन बसले. फोन टेबलावर, मी वर्गणीची पावतीपुस्तकं लावत होते, पण लक्ष सगळं त्या हिरव्या दिव्याकडे. बरोबर सव्वाचारला वाजला. ‘हॅलो, मंडळ’ म्हटलं आणि पलीकडून काकू: ‘येतंय का गं ऐकू?’ त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली, तीसुद्धा ऐकू आली. पंधरा मिनिटं बोललो. दहाव्या मिनिटालाही आवाज तुटला नाही.

राहिलेली कामं: ९९९ साठी कंपनीकडे हॉलचा पत्ता नोंदवायचाय, अजून त्यांच्याकडे माझ्या घरचा आहे, आणि रुग्णवाहिका तिकडे जाता कामा नये. बॅटरी घ्यायची, तर फोनची वायर जिथून येते तो स्विच (नेटच्या वायरींची पेटी), राउटर आणि भिंतीवरची फायबरची पेटी तिन्ही तिच्यावर हवेत. खजिनदार, किंमत काढाल का? तिन्ही वायरींना मी मराठीत चिठ्ठ्या लावल्या आहेत.

काकूंची लाइन येत्या गुरुवारी बदलतेय, सकाळी दहा ते एक. दादा, तुम्ही येताय ना? मीही येते, पोहे मी आणते.