सांडव्याचं मॉडेल १:१०० घेऊ की मोठं?

देवरूखचा_पोरगा:
रत्नागिरीत सिव्हिल डिप्लोमाला आहे, प्रोजेक्टला ओगी सांडव्याचं (धरणाचं जादा पाणी सोडणारा, इंग्रजी S सारख्या वळणाचा) मॉडेल घेतलंय. धरण कागदावरचंच, पण आकडे आपल्याकडच्या छोट्या धरणांसारखे धरलेत: सांडवा ८० मीटर लांब, माथा तळापासून १० मीटर, वर २ मीटर पाणी चढलं की साधारण ४५० क्युमेक्स (सेकंदाला घनमीटर). १:१०० केलं तर टेबलावर मावतं, पण पाणी किती सोडायचं? एक मित्र म्हणतो १०० ने भाग, दुसरा म्हणतो घनफळ आहे म्हणून दहा लाखाने. आणि कमी पाणी सोडलं की सलग पडदाच पडत नाही, नुसते ओघळ येतात. पंप होस्टेलच्या टाकीचा आहे, हसू नका.

जलतरंग:
दोघांचंही ऐकू नकोस. इथे गुरुत्वाकर्षणाचा खेळ आहे म्हणून फ्राउड नंबर (पाण्याचा वेग आणि गुरुत्वाकर्षण यांचं प्रमाण) दोन्हीकडे सारखा ठेवायचा, मग वेग स्केलच्या वर्गमुळाने कमी होतो, क्षेत्रफळ वर्गाने, म्हणजे प्रवाह अडीचाव्या घाताने. १०० चा अडीचावा घात १ लाख, तुझं उत्तर सेकंदाला ४.५ लिटर.
पण मी असतो तर १:१०० घेतलंच नसतं. माथ्यावर जेमतेम २ सेंमी पाणी, आणि पृष्ठताण काही स्केलने कमी होत नाही, तुझे ओघळ त्याचेच. कॉलेजात ३० सेंमी रुंद काचेचं फ्लूम (प्रयोगाला पाणी सोडायचा लांब पाट) असेल तर १:४० ने सांडव्याचा फक्त १२ मीटरचा तुकडा कर. माथ्यावर ५ सेंमी पाणी मिळेल आणि ६.७ लिटरमध्ये भागेल.

मालवणी_मासो:
पाण्याक कोण सांगतलो बारीक हो म्हणान 😄

सिव्हिलवाली_ताई:
तुकड्याचं बरोबर आहे, पण त्यात पाणी सरळच येतं. आपल्या अरुंद खोऱ्यांत सांडवा बऱ्याचदा एका कडेला असतो, पाणी वळून येतं, एका बाजूला जास्त चढतं, ते बघायला आजूबाजूच्या जलाशयासकट पूर्ण मॉडेल लागतं. रिपोर्टात तसं लिही. शिवाय मॉडेलमध्ये पाण्यात हवा खऱ्यापेक्षा कमी मिसळते, तोही मुद्दा घाल, परीक्षक खूश होतात.

चिपळूणकर_७७:
२०१९ ला आमच्याकडचं तिवरे धरण फुटलं, असं मॉडेल असतं तर आधी कळलं असतं का?

जलतरंग:
सांडव्याच्या मॉडेलमध्ये फक्त वरून जाणारं पाणी दिसतं हो. मातीच्या धरणाच्या पोटातला पाझर त्यात कळत नाही, त्यासाठी पिझोमीटर (आतल्या पाण्याचा दाब मोजणारं यंत्र) बसवून धरणावरच लक्ष ठेवावं लागतं.

देवरूखचा_पोरगा:
फ्लूम आहे, उद्या सरांना विचारतो. खालच्या तळाला वाळू टाकू का, खड्डा किती पडतो बघायला?

जलतरंग:
टाक की. खड्डा कुठे पडतो आणि पायाकडे सरकतो का ते बघ, फोटो काढ. पण खोलीला ४० ने गुणून रिपोर्टात ठोकू नकोस, तुझ्या धरणाखाली जांभा नाहीतर काळा दगड असणार, तो वाळूसारखा उकरला जात नाही.