नोटिशीतला 'वाद' म्हणजे कुठला वाद?

प्रश्न (भोसरी) : आमचं सुट्या भागांचं वर्कशॉप आहे. एका कंपनीकडे सव्वा कोटीची बिलं अडकली आहेत. नादारी आणि दिवाळखोरी संहितेखाली मागणी नोटीस दिली, तर दहा दिवसांच्या आत उत्तर हजर : 'वाद अस्तित्वात आहे.' दावा नाही, लवाद नाही, मग वाद कसला? मराठीत तर जाऊबाईंशी होतो तोही वादच.

उत्तर (शिवाजीनगर, वकिली) : संहितेतली व्याख्या 'वाद म्हणजे अमुक' अशी नाही. रक्कम, मालाचा दर्जा, करारातली हमी यांबाबतचा दावा किंवा लवाद यांचा वादात 'समावेश होतो', एवढंच तिथे आहे. या 'समावेश होतो'वर बोट ठेवून अपील न्यायाधिकरणाने, म्हणजे एनसीएलएटीने, मे २०१७ मध्ये किरुसा विरुद्ध मोबिलॉक्स प्रकरणात सांगितलं, की वाद कोर्टात गेलेलाच हवा असं नाही. टीव्हीवरच्या एका नृत्यस्पर्धेच्या मतदानाच्या कामाचे किरुसाचे पैसे मोबिलॉक्सकडे थकले होते आणि गोपनीयतेचा करार मोडला म्हणून ते रोखल्याचं मोबिलॉक्सचं म्हणणं होतं. गंमत अशी, की अर्थ एवढा ऐसपैस लावूनही एनसीएलएटीने हा बचाव मोघम ठरवला. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्थ तोच ठेवला, निकाल मात्र फिरवला. नोटिशीच्या आधीपासूनचा आणि तपासून पाहावा इतपत पटण्याजोगा आक्षेप असला, की तो वाद. त्यात कोण जिंकेल हे एनसीएलटीने, म्हणजे असे अर्ज आधी जिथे जातात त्या कंपनी न्यायाधिकरणाने, बघायचं नाही. नुसती थाप मात्र चालणार नाही.

त्याच निकालात कलम ८ मधलं 'वाद आणि प्रलंबित दाव्याची नोंद' यातलं 'आणि' हे 'किंवा' असं वाचलं गेलं. २०१८ च्या दुरुस्तीत संसदेने मूळ कलमातच 'किंवा' घातलं. एका उभयान्वयी अव्ययावर लाखोंची बिलं अडलेली असतात, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर आम्ही व्याकरण मन लावून शिकलो असतो!

प्रश्न (भोसरी) : मग बँकेलाही हेच उत्तर देता येतं का?

उत्तर (शिवाजीनगर) : नाही, आणि तो दाखला पुण्याचाच आहे. इनोव्हेन्टिव्ह इंडस्ट्रीजविरुद्ध आयसीआयसीआय बँक एनसीएलटीत गेली. राज्याच्या १९५८ च्या कायद्याखाली आमची देणी स्थगित आहेत, सबब कसूर झालीच नाही, असं कंपनीचं म्हणणं. ते एनसीएलटी, एनसीएलएटी आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालय, तिन्हीकडे टिकलं नाही. कर्ज देय झालंय आणि फेडलेलं नाही एवढं दिसलं, की वित्तीय धनकोपुढे, म्हणजे बँकेसारख्या कर्ज देणाऱ्यापुढे, 'वाद आहे' म्हणून सुटका नाही. तुम्ही व्यावहारिक धनको, म्हणजे माल किंवा सेवा पुरवून पैसे येणं असलेले, म्हणून तुमच्या वाटेला हा शब्द आला.

उत्तर (सदाशिव पेठ) : जाता जाता : 'कंपनीचं दिवाळं निघालं' हे बोलायला ठीक, पण संहितेत दिवाळखोरी व्यक्तींची आणि भागीदारी संस्थांची. कंपनी आधी निराकरण प्रक्रियेत, म्हणजे तिला सावरण्याच्या प्रयत्नात, जाते, ते जमलं नाही तर अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळली जाते. आणि नादारी म्हटलं की आमच्या पिढीला शाळेतली फीमाफीच आठवते.

उत्तर (शिवाजीनगर) : भोसरीकर, आता कामाचं. नोटिशीच्या आधीच्या ईमेल चाळा. माल नापास झाल्याची तक्रार त्यात असेल तर एनसीएलटीसाठी मुंबईच्या चकरा वाचवा आणि वसुलीचा दावा लावा. तशी एकही ओळ नसेल, तर अर्ज दाखल करा. मार्च २०२० पासून त्यासाठी किमान थकबाकी एक कोटी लागते, तेवढी तुमची आहेच.