आधी कणांचा आकार तपासा

ठाणे खाडीत एकाच ठिकाणच्या गाळाच्या दोन नमुन्यांत जस्त आणि शिसं दुपटीने वेगळं का आलं, असा प्रश्न आलाय. प्रयोगशाळेला दोष देण्याआधी वाळूचं प्रमाण बघा. धातू चिकटतात ते बारीक चिकणमातीला आणि सेंद्रिय पदार्थाला. वाळू आकडा नुसता खाली ओढते. म्हणून गाळ 63 मायक्रॉनच्या नायलॉन चाळणीतून गाळा (पितळेची नको, तांबं-जस्त तिच्यातूनच येतं) आणि धातूचं ॲल्युमिनिअमशी गुणोत्तर काढा (ॲल्युमिनिअम म्हणजे चिकणमातीच्या प्रमाणाची खूण). मात्र ॲक्वा रेजियात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) सिलिकेट खनिजांमधलं ॲल्युमिनिअम पुरतं विरघळत नाही. त्याला हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागतं, तेही टेफ्लॉनच्या भांड्यात. काचेत कधीच नाही, ते काच खातं.

पारा मोजायचा असेल तर 105 अंशांवर वाळवू नका, उडून जातो.

'गाळात अडकलेला धातू निर्धोक' असंही कुणी म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. खालच्या काळ्या, सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या थरात कॅडमिअम सल्फाइडच्या रूपात बांधलेलं असतं. ड्रेजिंगने तो थर उपसला की प्राणवायू लागून सल्फाइड मोडतं, आणि खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड कॅडमिअमला विरघळलेलं धरून ठेवतं. शिसं मात्र लोहाच्या ऑक्साइडवर चटकन पुन्हा बसतं. हवेने सल्फाइड असं मोडतं, त्यामुळे सल्फाइड मोजायचा नमुना डबी काठोकाठ भरून, हवाबंद आणि थंडच न्या. हवेत सुकवला की तो त्या कामाचा राहत नाही.