'क्रिएट'चं मूळ: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी-४०३: नमस्कार. लेक सातवीत आहे. एका इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि मूळ लिहून आणायला सांगितलंय. तिने 'क्रिएट' घेतलाय. घरच्या शब्दकोशात 'निर्माण करणे' एवढंच आहे. बी-१०१ चे सर, थोडी मदत कराल का?

ए-२०५: ताई, सोपं आहे. आपला संस्कृत 'कृ' धातू. क्रिया, कृती, क्रिएट! असा मेसेज मागेही फिरत होता.

बी-१०१: भाऊ, हे वहीत जाऊ देऊ नका. कानाला सारखं लागतं, पण नातं नाही. 'क्रिएट' आला लॅटिन 'क्रेआरे'वरून. अर्थ उत्पन्न करणे, जन्म देणे. त्याच कुळातला 'क्रेस्केरे' म्हणजे वाढणे. दोघांच्या मुळाशी वाढण्याचीच कल्पना आहे. 'कृ'चं मूळ निराळं.

बी-१०१: क्रेसेंट म्हणजे मुळात वाढता चंद्र, आपला शुद्ध पक्षातला. कोरीचा आकार हा अर्थ नंतरचा. इन्क्रीज त्याच घरातला. रिक्रूटसुद्धा, म्हणजे सैन्यात पडलेली नवी भर. आणि काँक्रीट!

सी-४०३: काँक्रीट?

बी-१०१: हो. 'एकत्र वाढून घट्ट झालेलं'.

डी-६०२: सर, हे फारच आवडलं. टाकीचा स्लॅब टाकला तेव्हा रोज गोणपाट भिजवायला मी वर जायचो. लोकांना वाटतं काँक्रीट नुसतं वाळतं. तसं नाही, सिमेंटची पाण्याशी प्रक्रिया चालू असते. सेट झाल्यावरही ताकद वाढत राहते, म्हणून क्यूब, म्हणजे काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, २८ दिवसांनी तपासतात. शब्दात 'वाढणे' आहे हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

ए-२०५: सर, चूक कळली. तो मेसेज मी अजून दोन ग्रुपवर टाकला होता, तिथेही दुरुस्ती टाकतो.

सी-४०३: आणि अर्थ कोणकोणते लिहू?

बी-१०१: इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून दिसतो, तेव्हा तो मुख्यतः देवाच्या निर्मितीसाठी. माणसाच्या कलेसाठी पुढे रुळला. दुसरा अर्थ पदवी देणे: राजा एखाद्याला लॉर्ड 'क्रिएट' करतो. रोमन लोक तर कॉन्सल, म्हणजे त्यांचा सर्वोच्च अधिकारी, निवडून देण्यालाही 'क्रेआरे'च म्हणत. नाटकात एखादी भूमिका सर्वांत आधी साकारणे, हाही एक अर्थ. आणि ब्रिटनमध्ये बोलताना नुसतं 'क्रिएट' म्हणजे आरडाओरडा करणे, हे तिने जरूर लिहावं, कारण शाळेत शिकवत नाहीत.

बी-१०१: आपल्या रिक्रिएशन हॉलची पाटीही दाखवा तिला. 'रेक्रेआरे' म्हणजे पुन्हा ताजंतवानं करणे. पूर्वी इंग्रजीत आजाऱ्याला बरं वाटणं, खाऊन तरतरी येणं, यालाही रिक्रिएशन म्हणत. खेळ, करमणूक हा अर्थ मागाहून आला.

ए-३०१ काकू: सर, मी संस्कृत घेऊन बीए केलंय, म्हणून आपल्याकडची बाजू सांगते. सृष्टी, सर्जन हे 'सृज्' धातूचे. त्याचा अर्थ सोडणे, मोकळं करणे. तोच 'सृज्' विसर्जनात आहे. गणपती पाण्यात सोडताना जो शब्द, तोच सृष्टी निर्माण होण्याला. दरवर्षी आरतीनंतर पाटावरून मूर्ती उचलताना हे मनात येतं आणि गलबलून येतं.

बी-१०१: काकू, फार मोलाचं सांगितलंत. 'निर्माण'मधला 'मा' मोजण्याचा, प्रमाण आणि परिमाणातला. लॅटिनला वाढणं दिसलं, आपल्याला कधी सोडणं, कधी मापणं. बाळाने हे तिन्ही लिहावं.

सी-४०३: लेक लिहितेय आता: सर, मी झाड काढलंय. खोडावर क्रेआरे आणि क्रेस्केरे, फांद्यांवर क्रिएट, रिक्रिएशन, क्रेसेंट, काँक्रीट. मग 'कृ' कुठे लावू?

बी-१०१: शेजारी दुसरं झाड काढ, बेटा. त्याला क्रिया, कृती, आकृती लाव. आणि 'संस्कृत' हा शब्दही त्याच झाडाचा, तो शेंड्यावर लिही.